खालच्या मजल्यावरच्या पगारे मॅडम

पगारे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालवत होतो. फोन ठेवला आणि परत चालवला.

चार दिवस झाले. अजून आत काही हललेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. पगारे मॅडम आमच्या कॉलनीतल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल. मी चांदवडहून वेल्डिंग शिकून नाशकात आलेला माणूस, आता अंबडला स्वतःचं वर्कशॉप. पुस्तकांशी माझा संबंध शून्य. मॅडमनी खिडकीचं ग्रिल करायला बोलावलं, तिथून ओळख.

ग्रिल बसवत होतो, मॅडम एका जाड वहीत लिहीत होत्या.

"सभासदांची यादी का मॅडम?"

"नाही. जे येत नाहीत त्यांची."

खरंच तसं रजिस्टर होतं. संध्याकाळी ॲक्टिव्हा काढून त्या वस्तीत, चाळीत, बस स्टॉपवर जायच्या. विचारायच्या, तुम्ही वाचनालयात का येत नाही? उत्तर येईल तसंच्या तसं लिहायच्या.

"दुपारी दोन ते चार मोकळी असते, तेव्हाच तुमचं बंद."

"आत गेलं का सगळे वळून बघत्यात."

"बाईमाणसाला संडास नाय तिथं."

"जिना."

हे शेवटचं उत्तर वैशालीचं. लहानपणापासून व्हीलचेअरवर. बँकेच्या परीक्षांची तयारी करायची.

वाचनालय तेव्हा पहिल्या मजल्यावर होतं. खाली हॉल, साखरपुडे-बारशांसाठी. वैशाली गेटपाशी थांबायची, मॅडम वरून पिशवीत पुस्तकं घेऊन उतरायच्या.

एकदा ती म्हणाली, "मॅडम, पुस्तकं घरी आहेत हो. घरात दोन खोल्या नि सहा माणसं. मला बसायला जागा पाहिजे."

मॅडम कमिटीशी दोन वर्षं भांडल्या. हॉल वर न्या, पुस्तकं खाली आणा.

शेवटी झालं. पण खालच्या मजल्यालाही पाच पायऱ्या. रॅम्पचं काम माझ्याकडे आलं.

मी चेकर प्लेटचा, म्हणजे खडबडीत लोखंडी पत्र्याचा, आठ फुटी रॅम्प ठोकून दिला. जागाच तेवढी होती. बाकीच्या जागेत पेपर वाचायला येणाऱ्या काकामंडळींच्या स्कूटर लागायच्या.

मॅडमनी कुठून तरी एक व्हीलचेअर आणली.

"निकमभाऊ, बसा. वर जाऊन दाखवा."

मी बसलो. दिवसभर लोखंड उचलणारे हात माझे. अर्ध्यावर गेलो आणि उलटा घसरत येऊन कुंडीवर आदळलो.

रिटायर्ड जोशीकाका ओरडले, "निकम, रिव्हर्सचा हॉर्न तरी वाजवा!"

सगळे हसले. मॅडम नाही हसल्या.

"माप कुणाला विचारून घेतलंत?"

"जागेला, मॅडम."

"आणि वैशालीला?"

मी रॅम्प कापला. वैशालीला समोर बसवून नवा केला. एक फूट चढायला बारा फूट लांबी, मध्ये वळण, तिचा हात पोचेल त्या उंचीला रेलिंग. काकांच्या स्कूटर रस्त्यावर गेल्या. जोशीकाका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

वैशाली रोज सकाळी आठला येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायला लागली.

मग दुपारचं बंद ठेवणं बंद झालं. धुणीभांडी करणाऱ्या सखूमावशी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी मॅडमनी कार्ड दिलं.

कमिटीतले एक म्हणाले, "यांना कार्ड काय करायचंय?"

"ऐकायचंय," मॅडम म्हणाल्या.

दुपारी अडीचला मॅडम वाचून दाखवायच्या. दोघी-तिघी होत्या, बघता बघता बाकं पुरेनात.

काल शोकसभा होती.

सभा हॉलमध्ये. हॉल वरच्या मजल्यावर.

कुणाचा वाईट हेतू नव्हता. शोकसभा म्हटलं की स्टेज, माइक, हार घातलेला फोटो. ते सगळं वर असतं. सकाळी खुर्च्या मीच लावल्या. मलाही सुचलं नाही. मला.

अध्यक्ष बोलत होते, "मॅडमनी या वास्तूचं दार प्रत्येकासाठी उघडलं…"

माना हलत होत्या.

माझे कान तिखट आहेत. जिन्याखालून वैशालीचा आवाज आला.

"मावशी, तुम्ही जा ना वर. मला माइकचं येतंय ऐकू इथं."

"नाय जायचं मला. तू हाय तिथं मी हाय."

मी उठलो. ठरवलं काहीच नव्हतं. स्टेजवर गेलो, फोटो हारासकट उचलला आणि जिन्याकडे निघालो.

"अहो निकम, काय करताय?" अध्यक्ष माइकवरूनच.

"खाली नेतोय."

"सभा चालू आहे!"

"खाली चालू करू, साहेब."

कुणी हललं नाही. मग एक खुर्ची सरकली. जोशीकाका.

"बसलात काय? आपापली खुर्ची घ्या नि उतरा."

पंचाहत्तरीचा माणूस प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर धरून जिना उतरला. मागून सगळे.

फोटो वैशालीच्या टेबलावर ठेवला. माइकची वायर खालपर्यंत पोचेना. अध्यक्षांनी राहिलेलं भाषण आवाज चढवून पुरं केलं. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?"

वैशालीनं हात वर केला. मला वाटलं आता रडणार.

ती म्हणाली, "उद्या अडीचला वाचन होईल. मॅडम ज्या पानावर थांबल्या तिथून मी वाचेन. कुणाला यायला अडचण असेल तर आत्ता सांगा, मी लिहून घेते."

मावशी डोळे पुसत होत्या. मी फोटोकडे बघत उभा होतो, नुसता.

वर्कशॉप आज दुपारी बंद ठेवतोय.

मॅडम, काल चुकलं आमचं. सांभाळून घ्या.

तुम्हाला शेवटचा जय भीम.