ती व्हिडिओ वॉल मी निवडली होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळच्या चहाला आम्ही ऑफिसचं सगळं बोलतो — ही एक गोष्ट सोडून. कितीदा ओठांपर्यंत आली, आणि मी उठून कप विसळायला घेतले. तुम्हाला सांगते आहे, कारण उद्या सकाळी मला तुमच्यासमोर उभं राहून डबा भरायचा नाही. बघा, कारणसुद्धा किती सोयीचं निवडलंय!

मी फरीदाबादच्या एका कारखान्यात आयटी मॅनेजर आहे. आमच्याकडे लोखंडी भाग भट्टीत तापवून तेलाच्या टाकीत बुडवतात, म्हणजे ते कडक होतात. टाक्यांचं तापमान कंट्रोल रूममध्ये दिसतं. तेल तापायला लागलं की आधी पडद्यावर पिवळा इशारा येतो, आणि फारच तापलं तर लाल. भोंगा वाजतो तो लाल झाल्यावर. पिवळा मात्र कुणीतरी बघावाच लागतो.

तो बघायचे रामनिवासजी. पलवलजवळच्या गावाहून स्कूटरवर येणारे, माझ्या वडिलांच्या वयाला टेकलेले. वीस वर्षं त्याच खुर्चीत. मी पुण्याहून नवी आले तेव्हा या माणसाने मला अख्खा कारखाना पायी फिरून दाखवला होता. माझं हिंदी ऐकून हसले नाहीत, असे त्या मजल्यावरचे ते एकटेच.

मग आमच्या मालकांनी, खन्नासाहेबांनी, कुठेतरी व्हिडिओ वॉल पाहिली. आठ मोठे पडदे जोडून भिंतभर एकच चित्र. कंट्रोल रूमला बाहेरून काच आहे; परदेशी गिऱ्हाईक तिथून जातं. ‘बंदा देखे तो देखता रह जाए,’ म्हणाले. निवडायचं काम माझ्याकडे दिलं. माझ्याकडे! केवढी फुगले होते मी.

नोएडाच्या एका शोरूममध्ये डेमो होता. रामनिवासजींना बरोबर नेलं, कारण खन्नासाहेब म्हणाले ऑपरेटर असू दे. पडदे ओढलेली अंधारी खोली, भिंतीवर धबधबे आणि रंगीत पोपट. दोन प्रकार होते. एक चकचकीत काचेचा, जोड दिसतच नाहीत असा. दुसरा जरा मळकट दिसणारा, उजेड न परतवणारा. मी पोपटांवर खूश होते. रामनिवासजी म्हणाले, “भाई, ये तोते हटा। हमारी टंकी वाली स्क्रीन लगा। और पर्दा खोल दे, हमारे यहाँ तो धूप आवे है।”

सेल्सवाला माझ्याकडे बघून हसला. आणि मीही हसले. तिथूनच सुरू झालं — मला स्वतःची लाज वाटायची सुरुवात खरं तर तिथे व्हायला हवी होती. उलट मला त्यांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक कागद आणून दिला. रजिस्टरचं पान, हिंदीत, घोटीव अक्षरात. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट भिंतीवर येतं. चकचकीत काचेवर पिवळी अक्षरं दिसणार नाहीत. मळकट वाली घ्यावी. खाली सही.

मी तो वाचला. नीट वाचला. ‘नजरेतून सुटला’ असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मग ड्रॉवरमध्ये टाकला, आणि मीटिंगमध्ये म्हणाले की ऑपरेटर्सनाही चकचकीतच पसंत आहे. का म्हणाले? खन्नासाहेबांना तीच हवी होती, हे मला दिसत होतं. एका म्हाताऱ्या ऑपरेटरचा कागद मध्ये आणून त्यांचा उत्साह मोडायचा — मला नाही जमलं. जमवलंच नाही.

वॉल आली. नारळ फुटला, पेढे झाले, माझं प्रमोशन झालं. रामनिवासजी दुपारी कपाळावर हात धरून बघायचे. मला दिसायचं. मी त्या वेळी त्या खोलीत जाणं टाळायला लागले.

पुढच्या मार्चमधली गोष्ट. दुपारी साडेतीनला एका टाकीचा पिवळा इशारा आला, आणि कुणालाच दिसला नाही. भोंगा वाजेपर्यंत तेलाने पेट घेतला होता. टाकीपाशी सुरेश नावाचा कामगार होता. जीव वाचला. पण उजवा हात — त्याची मूठ आता वळत नाही. लहान मुलासारखा डाव्या हाताने जेवतो, असं त्याची बायको मला म्हणाली. मी तिला संत्री नेऊन दिली होती. संत्री!

चौकशी लागली. कॉन्फरन्स रूममध्ये खन्नासाहेब, सेफ्टीचे दोघे, मी, आणि समोर रामनिवासजी. त्यांना विचारलं, इशारा का दिसला नाही. ते शांतपणे म्हणाले, “धूप थी जी। मैंने तो पहले ही लिख के दिया था, मैडम को।”

सगळे माझ्याकडे वळले.

आता इथे थांबावंसं वाटतंय. इतका वेळ मी पोपट आणि पेढे सांगत बसले, ते उगाच नाही. पण तुम्हाला कळलंच असेल ना?

मी म्हणाले, “मुझे ऐसा कोई काग़ज़ नहीं मिला।”

आवाज कापला नाही. कागद त्या क्षणी माझ्या ड्रॉवरमध्ये होता, दोन भिंती पलीकडे. मला वाटलं ते ओरडतील, भांडतील. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही — आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखं. मग म्हणाले, “मैडम कह रही हैं तो ना दिया होगा। लिख के जेब में ही रह गया होगा।”

माझ्यावर एवढा विश्वास, की त्यांनी स्वतःच्या आठवणीला खोटं पाडलं.

अहवालात आलं — ऑपरेटरची नजर वयोमानाने कमजोर. त्यांना घरी बसवलं. त्यांनी डोळे तपासून आणले होते, डॉक्टरने चांगले आहेत म्हणून लिहून दिलं होतं. ते कुणी वाचलं नाही. मीही नाही. त्याच आठवड्यात मी त्यांचा कागद ऑफिसच्या श्रेडरमध्ये घातला. आणि महिनाभराने ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदे लावून घेतले. म्हणजे मला माहीत होतं. पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात ते मला मेट्रो स्टेशनवर दिसले. जिन्यावरून सुनेचा हात धरून, एकेक पायरी चाचपत उतरत होते. मला वळून जाता आलं असतं, पण त्यांनीच ओळखलं. लांबून, गर्दीतून. एवढी स्वच्छ नजर.

स्कूटर विकली म्हणाले. टीव्हीही बघत नाहीत. “डॉक्टर तो कहवे है ठीक हैं, पर आँखों का क्या भरोसा, मैडम? मेरी वजह से उस छोरे का हाथ गया।”

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. समोर ते होते, त्यांची सून होती, तिसरं ओळखीचं कुणी नव्हतं. मी म्हणाले, “तबीयत का ध्यान रखिए।”

त्यांनी सुनेला पुढे केलं. “बहू, मैडम के पैर छू। बड़ी इज़्ज़त दी इन्होंने मुझे।”

ती वाकली. मी मागे सरले नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आशीर्वाद दिला.