टोचन लागलं तर जीप कारंज्याची

आमच्या जुन्या जीपला कारंज्यात गिऱ्हाईक मिळालं, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. गिऱ्हाईक म्हणजे हायवेवरचे ढाबेवाले पिंटूभाऊ. त्यांना ती चालवायची नव्हतीच. ढाब्यासमोर चौथरा बांधायचा, त्यावर जीप चढवायची, बॉनेटवर झेंडूच्या कुंड्या ठेवायच्या, वरून लायटिंग सोडायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना फोटो काढू द्यायचे, असा त्यांचा बेत होता. मला तो बेत फार आवडला. माझ्या नवऱ्याला, म्हणजे सुधाकरला, अजिबात आवडला नाही. दोन दिवस तो ताट घेऊन अंगणात जीपजवळच जेवला.

सुधाकर हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. अकरा वर्षांपूर्वी एका लिलावातून ही हिरवी जीप त्याने घरी आणली, तीही शेवटचा फर्लांगभर ढकलत. तेव्हापासून आमचा रविवार जीपचा. अंगणात जीपखालून त्याचे दोन पाय बाहेर दिसायचे आणि घरातलं जे काही बोलायचं ते मी त्या पायांशी बोलायचे. मी स्वतः बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर हिमाचल पाहायचं हे दोघांचंही ठरलेलं. मी म्हणायचे रेल्वेने, तो म्हणायचा जीपने. या वादात दोन वर्षं गेली आणि हिमाचल जिथल्या तिथे राहिलं.

शेवटी करार केला. आधी आपला वर्धा जिल्हा फिरायचा. आठही तालुके, जमेल तेवढे आतल्या रस्त्यांनी, आणि शेवटचा मुक्काम कारंजा. वाटेत एकदा जरी टोचन लागलं, म्हणजे दोर बांधून गाडी ओढत न्यावी लागली, तर किल्ली पिंटूभाऊंच्या हातात आणि आपण एसटीने घरी. नाही लागलं तर जीप आपली, आणि उन्हाळ्यात मी मुकाट्याने तिच्यात बसून हिमाचलला जाणार. मी हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं.

"पंक्चर चालंन?" सुधाकरने विचारलं.

"पंक्चर चालंन. टोचन नाई."

समुद्रपूरच्या पुढे ही काही जात नाही, अशी मला मनातून खात्री होती.

श्रावण संपायला पाच दिवस असताना सकाळी निघालो. सोबत पाण्याचा कॅन, पान्ह्यांची पेटी, दोन चादरी आणि डबाभर चिवडा. जीप सुरू करायची म्हणजे आधी हीटरचं बटण दाबून मनात वीस अंक मोजायचे, मग किल्ली फिरवायची. सुधाकर म्हणाला, "दे डबल बेल, वंदना." एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे तुम्हाला माहीत असेलच. मी म्हटलं, "मी रिटायर झाली. तुमची गाडी तुम्ही हाका."

तुम्ही असा बेत करणार असाल तर एक सांगते, चाळीसच्या वर पळवू नका. जुनी जीप चाळीसच्या वर गेली की बोलता येत नाही आणि चाळीसवर सगळं जग दिसतं. समुद्रपूर मागे पडलं तेव्हा मी जरा हिरमुसले. गिरडच्या टेकडीचा चढ तिने दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत-कुंथत पण न थांबता काढला. वर वारा होता, खाली सोयाबीन आणि कपाशीचे हिरवे तुकडे. खालच्या फाट्यावर मी कितीदा प्रवासी उतरवले असतील, पण वर कधी आलेच नव्हते. बस थांबायची, मी घंटी मारायचे आणि आम्ही पुढे. टेकडीवर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की बावीस वर्षं मी आपल्या जिल्ह्याचे फक्त थांबे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सिंदीवरून सेलूला आलो. सेलूत तर्री पोहे, म्हणजे तिखट रस्सा ओतलेले पोहे, खाताना एक तिशीतला माणूस सारखा माझ्याकडे बघत होता. शेवटी उठून आला.

"मॅडम, तुम्ही हिंगणघाट डेपोच्या ना? मी सातवीत असतानी तुम्ही माह्यं फुल तिकीट फाडलं होतं."

"किती वय होतं तुमचं?"

"बारा वर्षं आन् दोन महिने."

"मंग बरोबरच फाडलं."

तो इतका हसला की त्याच्या बशीतली तर्री सांडली. आमच्या पोह्यांचे पैसे त्यानेच दिले, मी नको नको म्हणत असताना. सुधाकर दिवसभर मला "फुल तिकीट" म्हणून हाक मारत होता. बोर धरणावर पोहोचलो तर पाणी काठोकाठ भरलेलं आणि मागे जंगलाची गर्द रांग. तिथे दोन तास बसून आम्ही चिवडा संपवला. बावीस वर्षांत आम्ही दोघं असं काहीही न करता कुठे बसलो होतो, ते मला आठवेना.

तिसरा दिवस वर्धा. पवनारला धाम नदीच्या खडकांवर पाय सोडून बसलो, मग शहरात येऊन पाव किलो गोरसपाक, म्हणजे तिथला तुपातला खुसखुशीत खाऊ, घेतला. तो मुक्कामाच्या खोलीवर पोहोचेपर्यंत उरला नाही. खोल्या आम्ही बसस्टँडजवळच्याच घ्यायचो. साध्या असतात, सातशे-आठशेत मिळतात आणि पहाटेपासून चहा असतो. चौथ्या दिवशी देवळीच्या पुढे पंक्चर झालं. ते करारात बसत असल्यामुळे मी बाभळीखाली बसून मजा बघितली. पण खरं सांगायचं तर चाक बसवून झाल्यावर जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि मी टाळी वाजवली. सुधाकरने माझ्याकडे वळून पाहिलं. मी डास मारला असं सांगितलं.

पुलगाव करून आर्वीत मुक्काम केला. खोलीवाल्याने सकाळी बजावलं होतं, "आष्टीले जायचं त डांबरी सोडू नका, बापा." पण पंधराएक किलोमीटर गेल्यावर मला डावीकडचा एक फाटा ओळखीचा दिसला आणि माझ्यातली कंडक्टर जागी झाली.

"इथून घ्या. गावातून जवळ पडते. इथून आमची बस जात होती."

"कच्चा दिसते."

"अहो, बस जात होती बस! तुमची जीप नाई जात?"

जीपचा अपमान त्याला सहन होत नाही. त्याने वळवली. दीड किलोमीटरवर काळ्या मातीने आम्हाला धरलं. पुढच्या-मागच्या चाकांना चिखलाचे असे गोळे चढले की टायर दिसेनात. सुधाकरने फोर-व्हीलचा दांडा टाकला, तर चारही चाकं जागच्या जागी फिरू लागली. त्याने खाली उतरून फांद्या घातल्या, दगड घातले. जीप इंचभरही हलली नाही, उलट बसली. आणि तेव्हा, गुडघाभर चिखलात उभी असताना, मला लख्ख आठवलं की इथून बस जायची ती फक्त दिवाळीनंतर. पावसाळ्यात आम्ही फाट्यावरच थांबायचो आणि लोक चपला हातात घेऊन चालत जायचे. मी ते सुधाकरला सांगितलं नाही. करार मी केला होता, रस्ता मी दाखवला होता, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, एक बाई आल्या. साठीच्या, नवं लुगडं, हातात हळदीची वाटी. नाव शेवंताबाई.

"काऊन वो, इकडं कुठं घुसले?"

सुधाकर म्हणाला, "मावशी, एक बैलजोडी भेटन का? दोन मिनटाचं काम हाय."

"आज? पोळा हाय बापा आज! आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाई. सोनं देलं तरी नाई."

आम्हा दोघांच्याही डोक्यातून पोळा पार निघून गेला होता. मी ट्रॅक्टरचं विचारलं.

"तो बी धुऊन, हार घालून मारोतीपुढं उभा हाय. आता चिखलात घातला त माहा लेक भांडन माह्यासंग. तुम्ही असं करा, घरी चाला. जेवा. पोळा फुटू द्या, मंग आम्हीच येतो समदे."

बैलांना सुट्टी होती म्हणून आम्हालाही मिळाली. शेवंताबाईंच्या घरी पुरणपोळी, कढी आणि गरम वडे जेवलो. मी चार पोळ्या खाल्ल्या, कारण तिसरीनंतर त्या माझं ऐकेनात. दुपार कलल्यावर मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, शिंगं रंगवलेल्या, झुली घातलेल्या जोड्या ओळीने उभ्या राहिल्या, आणि टोकाला तो ट्रॅक्टर. माणसं चढाओढीने झडत्या, म्हणजे पोळ्याची चेष्टेची कवनं, म्हणत होती. त्यांतली एक तिथल्या तिथे आमच्या रुतलेल्या जीपवर रचली गेली, आणि सगळ्यात मोठ्याने सुधाकरच हसला. चार दिवसांत मी त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मग तोरण तुटलं, पोळा फुटला आणि जोड्या घरोघर निघाल्या.

उजेड असतानाच सगळे शेतात आले. पंचवीस-तीस माणसं, बाया पदर खोचून. कोणीतरी बैलाचं उरलेलं बाशिंग जीपच्या बॉनेटला बांधलं. जाड दोर समोर अडकवला, सुधाकर स्टिअरिंगवर बसला. शेवंताबाईंनी मला दोराजवळून बाजूला सारलं.

"तुम्ही पाव्हण्या. तुम्ही राहू द्या."

"नाई मावशी, मी बी ओढतो."

मीही दोर धरला. तिसऱ्या हिसक्याला चिखलातून मोठा आवाज झाला आणि जीप सुटली. आम्ही ओळीने मागच्या मागे चिखलात बसलो. मी इतकी ओरडले की घसा बसला. जीप गावात आली तेव्हा शेवंताबाईंनी दारात तिला बैलासारखं ओवाळलं, कुंकू लावलं आणि सुधाकरच्या हातात दहाची नोट ठेवली. सजवलेला बैल घेऊन येणाऱ्याला पोळ्याचा बोजारा द्यायचा असतो. "पुढच्या साली बी आनजो गा तिले," त्या म्हणाल्या. सुधाकरने नोट कपाळाला लावून खिशात ठेवली आणि रात्री दोनदा उठून तो जीपवरून हात फिरवून आला. दोर लागला होता, म्हणजे करारानं जीप गेली होती.

सकाळी गावकऱ्यांनी दाखवलेल्या पक्क्या रस्त्याने आष्टी गाठली. तान्हा पोळा होता, पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. एरवी मी प्रत्येकाशी बोलले असते. त्या दिवशी मला काही सुचत नव्हतं. तळेगावला हायवे लागला आणि ट्रकांच्या मधून आम्ही चाळीसने कारंज्याकडे निघालो. सुधाकर हळूच डॅशबोर्डवरची धूळ पुसत होता.

पिंटूभाऊंचा चौथरा तयार होता, फरशी बसवलेला. आम्ही उतरलो. सुधाकरने किल्ली गल्ल्यावर ठेवली.

"टोचन लागलं गा, पिंटूभाऊ. काल, आष्टीच्या अलीकडं. करार हाय. गाडी तुमची."

तो खोटं बोलू शकला असता. मी गप्प राहिले असते. पण हा माणूस करार पाळायला निघाला होता, तोही मी केलेला. मी पुढे होऊन किल्ली उचलली.

"एक मिनट. त्या रस्त्यानं पावसाळ्यात बस जातच नव्हती. मले काल चिखलात आठवलं आन् मी सांगितलं नाई. चूक माही हाय, गाडीची नाई."

"पण दोर त बांधला," सुधाकर म्हणाला. "ओढली त."

"बाशिंग बांधून, ओवाळून, आख्ख्या गावानं ओढली. रथ ओढते लोकं, त्याले कोणी टोचन म्हणते का?"

पिंटूभाऊंनी बाहेरच्या फरशीकडे बोट दाखवलं. "बाई, मंग माह्या चौथऱ्याचं काय?"

"त्याच्यावर जुनी बंडी ठेवा. बैलबंडीसंग लोकं जास्त फोटो काढते."

ते विचारात पडले. मग त्यांनी आमच्यासाठी शेवभाजी आणि तंदुरी रोट्या मागवल्या आणि कुठल्या गावात बरी बंडी मिळेल याची चौकशी सुरू केली. जेवून आम्ही जीपमध्ये बसलो. सुधाकरने हीटरचं बटण दाबलं, पण किल्ली फिरवेना. तो वाट बघत होता. मी पान्हा घेतला आणि पत्र्यावर दोनदा मारला. टण, टण.

वर्धेवरून घरी आलो. फ्रिजवरचा कागद काढून मी त्याच्या मागच्या बाजूला हिमाचलची यादी सुरू केली आहे. पहिल्या ओळीत 'माहितगाराला विचारल्याशिवाय वंदनाचं ऐकू नये' हे सुधाकरने त्याच्या अक्षरात लिहिलंय. खर्च म्हणाल तर डिझेल वगळता फार झाला नाही. जिल्हा पुरतो, हे मी खात्रीने सांगते. तो संपवायला आम्हाला सहा दिवस लागले आणि अजून बराच उरलाय. दहाची नोट जीपच्या आरशाला लावली आहे.

परवा रविवारी शेजारच्या वहिनी अंगणात येऊन विचारत होत्या, "वंदनाताई घरी हायेत का?" उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला, कारण माझ्या तोंडात स्क्रू होता. वहिनी खाली वाकल्या तेव्हा त्यांना जीपखालून चार पाय दिसले.