बिनविरोध मॉनिटर

चांदवडजवळच्या एका हायस्कुलात मी नववीला नागरिकशास्त्र शिकवत असे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी दिली म्हणून मुख्याध्यापकांना देव मानायचो, त्याचा आजही संताप येतो.

मुलांना गुप्त मतदान कळावं म्हणून मी वर्गाचा मॉनिटर चिठ्ठ्या टाकून निवडला. सरपंचांचा मुलगा हरला आणि बौद्ध वस्तीतली एक मुलगी निवडून आली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला आणि त्या मुलीला बोलावलं.

"सर, या गावात सरपंचसुद्धा बिनविरोध होतो. तुम्ही शाळेत फूट पाडता?" असं म्हणत त्यांनी तिच्यापुढे कागद सरकवला. 'मी स्वखुशीने माघार घेत आहे,' असं त्यावर आधीच लिहिलेलं होतं.

तिने मला विचारलं, "सर, निकालानंतर माघार घेता येते का? तुम्ही तर मतदानाच्या आधीच घेता येते, असं शिकवलं होतं."

"लय शहाणी झालीस! कर सही," मुख्याध्यापक ओरडले.

उत्तर मला येत होतं. मी टेबलाकडे बघत राहिलो. तिने सही केली.

पुढच्या तासाला नागरिकांच्या हक्कांचा धडा होता. तिने पुस्तक उघडलंच नाही. 'पुस्तक उघड' असं म्हणायला मला तोंड नव्हतं.