पक्कं पाणी

आमच्या गावात एकेकाळी सुलाबाईच्या मुठीला फार मान होता. कमरेला जुन्या लुगड्याच्या धडप्याची ओटी बांधायची, तीत युरिया घ्यायचा आणि चालता चालता असा फेकायचा, की कुठे ढीग पडू नये आणि कुठे कोरडं राहू नये. ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा करून पाहिलं, तर पंधरा दिवसांनी माझं रान नायटा उठल्यासारखं चट्ट्याचट्ट्यांनी हिरवं झालं. तेव्हापासून मी तो नाद सोडला. सुलाबाई फेकून गेली की रान एकसारखं काळंभोर व्हायचं. आमच्याकडे पीक नुसतं हिरवं असून चालत नाही, काळं लागतं. रस्त्यानं जाणाऱ्यानं गाडी थांबवून “कुणाचं हो हे?” असं विचारलं की मालकाचे पाय जमिनीला लागत नाहीत. माझेही लागत नसत.

मी दिनकरराव. पालम तालुक्यातल्या या गावात तीस वर्षं पोरांना शिकवलं, म्हणून सगळे मला गुरुजी म्हणतात. ज्याला सगळं माहीत आहे असं लोक धरून चालतात आणि जो स्वतःही तसंच धरून चालतो, तो गुरुजी. माझी दोन एकर जमीन ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे आणि तिथे ऊस. उसाला कितीही पाणी द्या, कितीही खत द्या, तो नको म्हणत नाही. मीही कधी पुरे म्हटलं नाही. सुलाबाई ओटी बांधून उभी राहिली की मी बांधावरून सांगायचो, “हात आखडू नको, सुलाबाई. मोकळ्या हातानं टाक.” ती हसायची आणि मोकळ्या हातानं टाकायची.

ओढ्याच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती. तिथे सुलाबाईचं घर, आणि घरासमोर ओढ्यातच, करंजाच्या झाडाखाली, तिचा झिरा. ओढा आटला की वाळूत हातभर खड्डा उकरायचा, तळाशी पाणी जमतं, ते वाटीनं तांब्यात भरायचं. पावसाळ्यात पूर आला की झिरा बुजतो, उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा तिथेच उकरायचा. गावाच्या विहिरीवर या लोकांना चढू देत नव्हते, त्या दिवसांत सुलाबाईच्या सासूनं ही जागा शोधली होती. पुढे विहीर खुली झाली, नळ आले, पण नळाला उन्हाळ्यात आठ-आठ दिवस पाणी नसतं. झिऱ्याला मात्र भर मे महिन्यातही असायचं. ते का असायचं, हे मी चार लोकांत छाती फुगवून सांगत असे. वरून माझ्या उसाचं पाणी पाझरतं ना, त्यावरच तुमचा झिरा जिवंत आहे, असं. सुलाबाईही मान डोलवायची. तिला ते उपकार वाटत होते. आज हे लिहिताना मला लाज वाटते.

पाच वर्षांपूर्वी सुलाबाईला नात झाली. मुलगा सिद्धोधन माझाच विद्यार्थी, तो पुण्याला कंपनीत होता. सून सुकेशनी बाळंतपणानंतर टायफॉइडनं पडली आणि तिचं दूध गेलं. मग संघप्रियाला डब्याचं दूध सुरू झालं. ते पाण्यात कालवायची जबाबदारी सुलाबाईनं कुणाला दिली नाही. वाटी उकळायची, चमचा उकळायचा, पाणी गाळायचं. एवढी स्वच्छता मी शिकल्यासवरल्या घरांतही पाहिलेली नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती माझ्या दारात आली. चपलाही घातल्या नव्हत्या.

“गुरुजी, लेकरू निळं पडायलंय.”

मी गेलो. दोन महिन्यांचं लेकरू. ओठ जांभळे, नखं निळी, आणि रडायचीही ताकद नाही. शेजारणी म्हणत होत्या, गारठलं असेल. मे महिन्यात कसला गारठा? गावातली जीप काढली. सुकेशनी लेकराला घेऊन पुढे, मी आणि सुलाबाई मागे. पालमच्या डॉक्टरांनी पाहिलं न पाहिलं आणि परभणीला पिटाळलं. सुलाबाईनं वाटभर मागून हात घालून लेकराचा पाय धरून ठेवला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लेकराचं रक्त काढलं. रक्त लाल नव्हतं. चहाच्या चोथ्याचा असतो तसा त्याचा रंग होता. मग त्यांनी एका निळ्या औषधाचं इंजेक्शन दिलं. निळ्या लेकराला निळं औषध, हे मला उलटंच वाटलं. पण तासाभरात ओठांवर रंग आला आणि संघप्रियानं अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. रडण्याचा आवाज इतका गोड मी आयुष्यात ऐकला नाही. आमचा जीव भांड्यात पडला.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “दूध कालवायला पाणी कुठलं?”

“झिऱ्याचं,” सुलाबाई म्हणाली. तिला वाटलं, आता पाणी न उकळल्याबद्दल रागावतील, म्हणून तिनं घाईनं पुढचं सांगितलं. “पण कच्चं न्हाई देत, बाई. पक्कं करून देतो. तांब्याभर ठिवलं की अर्धा तांब्या होईस्तोर खाली उतरवत न्हाई.”

आमच्याकडे काढा असाच करतात. एकाचं अर्धं करायचं, म्हणजे गुण उतरतो. सुलाबाईनं नातीच्या पाण्यालाही तोच नियम लावला होता. यात तिचा जीव होता.

डॉक्टरीणबाईंनी स्टूल पुढे ओढलं. मग समोर बसून हळू आवाजात म्हणाल्या, “आजी, उकळल्यानं जंतू मरतात. पण पाण्यात खताचा क्षार असला तर तो कुठेच जात नाही. वरण आटवलं की खारट होतं ना? तसंच. पाणी अर्धं झालं की क्षाराचं प्रमाण दुप्पट होतं. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही, पण एवढ्या लहान लेकराचं रक्त त्यानं निकामी होतं. झिऱ्याचं पाणी तपासून घ्या.”

“चांगलं आटवलं मी,” सुलाबाई म्हणाली. “मुद्दाम आटवलं.” मग तिनं पदर तोंडात कोंबला.

पाण्याची बाटली तपासायला मीच घेऊन गेलो. आठ दिवसांनी कागद मिळाला. चालतं त्याच्या तिपटीहून जास्त नायट्रेट, म्हणजे तोच खताचा क्षार. कागद देणाऱ्या माणसानं विचारलं, “वरच्या अंगाला काय पीक आहे?”

“ऊस.”

“कुणाचा?”

“आहे एकाचा,” मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

तीस वर्षं पोरांना ‘खरे बोलावे’ शिकवणारा मी. तो कागद दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी सुलाबाईच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि वाचून दाखवला. युरिया रानात टाकला की पिकाला लागतो तेवढाच पीक घेतं, उरलेला पाण्याबरोबर खाली उतरतो, आणि त्याचंच हे होतं, असं समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, “माझाच ऊस आहे तो, सुलाबाई. तुमचा झिरा माझ्या उसाच्या पाण्यावर जिवंत आहे असं मीच सांगत होतो.” जन्मभर मी तिला अगंतुगं करत आलो होतो. त्या दिवशी तोंडातून आपोआप तुम्ही निघालं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं उजवा हात उघडला, तळव्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ऊस तुमचा, गुरुजी. मूठ माजी हाय.”

त्या सालापासून तिनं खत फेकणं सोडलं. सोडलं म्हणजे ओटी बांधणं सोडलं. पाणीबाटलीचं टोपण घेऊन ती माझ्या रानात आली. खुरप्यानं बुडाशी खड्डी करायची, एक टोपण खत टाकायचं, वर माती ओढायची. जे काम ती अर्ध्या दिवसात उडवायची, त्याला तीन दिवस लागले. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात जाऊन माती तपासून आणली, तर तिथल्या लोकांनी सांगितलं की मी इतकी वर्षं जेवढं टाकत होतो त्याच्या निम्म्यातही भागलं असतं. तेही एकदम न टाकता चार वेळा विभागून, आणि वरून भरमसाट पाणी न सोडता. ओढ्याच्या कडेला पाच हात पट्टा मी गवताला सोडला, वाहून येणारं खत तिथेच अडावं म्हणून. गुरुजींना एवढं कळायला एक लेकरू निळं पडावं लागलं.

गावाला मात्र हे रुचलं नाही. आमच्या गावचे मोठे बागायतदार व्यंकटराव चावडीवर म्हणाले, “सुलाबाईची मूठ आखडली.” ते वाक्य गावभर झालं. मूठ आखडलेल्या बाईला खत टाकायला कोण बोलावणार? पेरणी झाली की खतासाठी दोन-दोन दिवस आधी सांगून ठेवणारे लोक तिच्या दारावरून दुसरीकडे जाऊ लागले. ती खुरपायला जायची, वेचायला जायची, पण जे तिचं नाव होतं ते गेलं. मला विचाराल तर तिला ते फार लागलं. दाखवायची नाही, एवढंच.

एकदा व्यंकटराव माझ्या बांधावर थांबले. सुलाबाई टोपणानं खत देत होती.

“काय बाई, औषध पाजायलीस का उसाला? आता झिऱ्याचं पाणी पीत न्हाईत ना तुमी? मंग झालं की.”

सुलाबाई उठली. गुडघे धरत उठली, कारण तिचे गुडघे दुखतात.

“मालक, झिऱ्यातलं वड्यात जातंय. वड्यातलं गंगंत.” आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. “गंगा पुढं नांदेडाला जाती, तिथून तेलंगणात, मंग समुद्राला. वाटंत ती कुणाच्या लेकराला पाजायलीय, हे तुमाला ठावं हाय का? मला तर माज्या घरातलंबी ठावं नव्हतं.”

व्यंकटराव निघून गेले. त्यांनी खत कमी केलं असं मी म्हणणार नाही. ओढा जिथे गंगेला मिळतो तिथे बंधाऱ्याच्या तुंबलेल्या पाण्यावर उन्हाळ्यात अजूनही त्याच खतावर पोसलेल्या शेवाळाची हिरवी साय धरते. दरसाल मासे मरून काठाला लागतात.

माझा ऊस आता काळा नसतो, हिरवा असतो. वजनाला दोन-चार मोळ्यांचा फरक पडत असेल. गाडी कुणी थांबवत नाही.

यंदाच्या मे महिन्यात सुलाबाईनं मला झिऱ्यावर बोलावलं. पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या मी आणून ठेवलेल्या असतात. पट्टी बुडवली की ती गुलाबी होते. जितकी गडद, तितकं पाणी वाईट. दर उन्हाळ्याला आम्ही दोघं ते बघतो. करंजाखाली पाच वर्षांची संघप्रिया गुडघे टेकून बसली होती आणि दोन्ही हातांनी वाळू उकरत होती. आजी वरून सांगत होती, “मदी न्हाई गं, कडंनं. कडंनं उकर, म्हंजी ढासळत न्हाई.” तळाला पाणी आलं. काचेसारखं स्वच्छ. पोरीनं ओंजळ भरली आणि तोंडाकडे नेली.

सुलाबाईनं तिच्या हातावर फटका मारला. ओंजळ सांडली, पोर रडायला लागली.

“गोड तर हाय,” पोर हुंदके देत म्हणाली.

“गोडच लागतंय,” सुलाबाई म्हणाली. “मलाबी गोडच लागलं हुतं.”

मी पट्टी बुडवली. गुलाबी झाली. गेल्या सालापेक्षा फिकी, पण अजून गुलाबीच.

“आनखी किती सालं, गुरुजी?”

“सांगता येत नाही. इतकी वर्षं मुरलेलं आहे. शिवाय एकट्या माझ्याच रानातलं नाही. दहा लागतील, पंधरा लागतील.”

“मला पासष्ट झाले.”

मी पट्टी झटकून खिशात ठेवली. मग विचारलं, “मग प्यायचंच नाही तर दरसाल उकरता कशाला? पोरीला कशाला उकरायला लावता?”

तिनं नातीला जवळ ओढलं आणि तिच्या हाताची ओली वाळू पदरानं पुसली.

“हे पानी चांगलं हुईल तवा मी नसनार, गुरुजी. जागा कुटं हाय अन् झिरा कसा उकरायचा, हे हिला आलं पाहिजे.”

मग दोघींनी ते पाणी वाटीवाटीनं उपसून करंजाच्या बुडाशी ओतलं.