कोरडा पुठ्ठा

सिंदीतला आमचा मेकॅनिक गाडी नीट करतो, पण ‘झालं’ असं कधीच म्हणत नाही. “पाहू,” म्हणतो आणि तोंडातला खर्रा दुसऱ्या गालात सरकवतो.

इंजिनखालून ऑइल गळायला लागलं, तेव्हा त्यानं जुनं सील खरवडून सिलिकॉन लावलं, दिवसभर सुकू दिलं आणि संध्याकाळी ऑइल भरून गाडी दिली. “रातभर खाली पुठ्ठा ठेवजा. पाहू.”

मला धास्तीच. सकाळी लेकीला बाळंतपणासाठी नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

उजाडताच पाहतो तर अंगणात गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. न बोलावता तोच आला होता.

“मले झोपच नाई लागली,” म्हणत तो बाहेर सरकला. पुठ्ठा कोरडाठाक. तो त्यानं मला नाही, दारात आलेल्या लेकीला दाखवला.

“जाजो माय, बिनघोर. झालं.”