डिस्ट्रॉय लिहिण्याआधी

"आधी दोरी सोडा," अण्णा म्हणायचे आणि मग स्वतःच सोडायला बसायचे. दप्तराची, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्याची, दोरी त्यांनी कधी कापली नाही. नखाने गाठ उकलायची, दोरीचं वेटोळं डाव्या मनगटात घालायचं, आत ठेवलेला कडुनिंबाचा वाळका पाला झटकायचा आणि पहिल्या कागदापासून वाचायला लागायचं. संध्याकाळपर्यंत मनगटावर आठ-दहा वेटोळी जमत.

ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत ते रेकॉर्ड रूमचे मुख्य कारकून होते. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मी त्यांच्या हाताखाली लागलो. जुने कागद चाळायचे आणि ज्यांचं काम संपलं त्या दप्तरांवर लाल शाईने इंग्रजीत 'डिस्ट्रॉय' लिहायचं. तशी दप्तरं शनिवारी मागच्या आवारात जाळली जात.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "डिस्ट्रॉय म्हणजे काय?"

"नष्ट करणे." मॅट्रिकला माझं इंग्रजी चांगलं होतं.

"ते डिक्शनरीत. इथे त्याचा अर्थ असा, की उद्या कोणी हा कागद मागायला आला, तर त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं. म्हणाल? मग लिहा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यामुळे सगळ्यांची कामं रेंगाळतात. शेजारच्या टेबलावरचे चिडवत, "अण्णा, घरी केर काढायचा तर वहिनींना अर्ज करावा लागत असेल."

"करतात. मी वाचून मंजूर करतो," अण्णा मान वर न करता म्हणत.

पण ते साठवून ठेवणारे नव्हते. वाचून झालं की तो शब्द ठसठशीत लिहीत, टी वरची रेघ सरळ ओढत आणि त्या दप्तराचं नाव पुन्हा काढत नसत.

एकदा साहेबांचा हुकूम आला, नव्या फायलींसाठी दोन कपाटं महिनाअखेर रिकामी करा. अण्णा कल्याणला घरी तापाने पडले होते. माझ्यासमोर वीस-बावीस दप्तरं. आतले कागद मोडीतले, आणि माझी मोडी कच्ची. एका दप्तराच्या पुठ्ठ्यावर पूर्वीच्या कोणीतरी इंग्रजीत 'मिसलेनियस', म्हणजे किरकोळ, लिहिलं होतं. मी त्यावर विसंबलो. दोरी न सोडता लाल शाईची लेखणी उचलली.

पुढच्या महिन्यात कोलशेतची एक विधवा अर्ज देऊन गेली. खाडीकाठची घराची जागा तिच्या नवऱ्याच्या नावे केल्याचा जुना हुकूम होता, त्याची नक्कल तिला हवी होती. दीर तिला घराबाहेर काढायला निघाला होता. अण्णांनी जाळलेल्या दप्तरांच्या यादीत पाहिलं. नंबर त्याच दप्तराचा होता.

"दोरी सोडली होती?"

"नाही."

ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "रविवारी कोलशेतला जायचं. तिला तुम्ही सांगायचं."

बाई अंगणात सुकत घातलेली मासळी उलथत होती. मी सांगितलं, कागद जाळला. मीच, न वाचता.

"नाय सांगाला एवढे लांब आलात?" ती म्हणाली. हातातली मासळी उलथून पुढे म्हणाली, "मंग मी जाव कुठं?"

अण्णा म्हणाले, "बाई, कागद गेला. पण तो हुकूम कचेरीतून निघाला तेव्हा त्याची ओळ जावक नोंदवहीत पडली असणार. ती सापडेपर्यंत आम्ही दोघं थांबत नाही."

तिने आम्हाला पाणी दिलं.

सात आठवडे आम्ही जेवणाच्या सुट्टीत जुन्या नोंदवह्या काढून बसलो. अण्णा बोट ठेवत आणि म्हणत, "वाचा." मी अडखळलो की थांबत, स्वतः वाचून दाखवत नसत. माझी मोडी तिथेच पक्की झाली. एका दुपारी त्या नवऱ्याचं नाव मीच वाचलं. पुढे तीन ओळींत हुकमाचा नंबर आणि घराच्या चतुःसीमा. अण्णांनी उतारा केला, त्यावर साहेबांची सही घेतली.

घर बाईकडे राहिलं. अंगणाचा उल्लेख त्या तीन ओळींत नव्हता; ते दिराने घेतलं.

पेन्शनीत निघायच्या आधीच ते गेले. त्यानंतर काही वर्षांनी चाळायच्या दप्तरांत त्यांच्या रजेच्या अर्जांचं दप्तर माझ्यासमोर आलं. मी गाठ नखाने उकलली. चौदा अर्ज होते. मुलीचं लग्न, आईचं वर्षश्राद्ध, एक त्या तापाचा. अक्षर बाळबोध, सही मात्र मोडीत. सगळे वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले.

हे मागायला कोण येणार होतं? घरच्यांना या अर्जांचा उपयोग नव्हता, कचेरीलाही नव्हता. मागायला आलो होतो तो मीच.

मी स्वतःला नाही म्हटलं. लाल शाईत शब्द लिहिला आणि टी वरची रेघ सरळ ओढली. दोरीचं वेटोळं डाव्या मनगटावर होतं.