अक्कांची पाचवी मूठ

काल अक्कांचं वर्षश्राद्ध झालं. जेवायला आलेल्या बायकांनी त्यांच्या खापरावरच्या पुरणपोळीची आठवण काढली, भरभर चालण्याची काढली, कोणाकोणाला त्यांनी कशी बोलणी ऐकवली तेही निघालं. मुठीचं कोणी काढलं नाही. घराबाहेर ते कोणाला ठाऊकच नाही. संध्याकाळी दिवा लावला की वहीत चार ओळी लिहायची मला लग्नाआधीपासूनची सवय. आज नव्वद सालची वही काढली आणि म्हटलं, हे एकदा सलग लिहून ठेवावं.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, मंजुळाबाई. माहेर पिंपळनेरकडच्या एका खेड्यात, सासर साक्रीला. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अहिराणीशिवाय दुसरं कधी बोलल्या नाहीत, बँकेच्या साहेबाशीसुद्धा नाही. सासरे झुलाल आबा एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होते. रिटायर झाले तरी त्यांची मोजायची खोड गेली नाही. कुठे लग्नाला निघालो की दारात उभे राहून आम्हाला मोजायचे, "एक, दोन, तीन... चला, पुढे सरका." अक्का चप्पल घालता घालता म्हणायच्या, "घंटी बी वाजाडी द्या आते."

त्यांना तीन मुलगे. थोरले मगन, मधले अभिमन आणि धाकटे छगन म्हणजे आमचे हे. मगनभाऊंना मी पाहिलेलं नाही. सहासष्ट साली आमच्या खानदेशी कानबाई देवीच्या विसर्जनाला तिचा पाट डोक्यावर घेऊन ते कान नदीत उतरले. गावात ऊन होतं, पण वर डोंगरात पाऊस झालेला. लोंढा आला. सोळा वर्षांचे होते. पाट अर्ध्या कोसावर बाभळीत अडकलेला सापडला, मगनभाऊ सापडले नाहीत. आबांनी दोन महिने नदीकाठची गावं पालथी घातली आणि शेवटी दर्भाचा पुतळा करून दिवस उरकले. अक्का त्या दिवशी आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. "जवलोंग नदी दाखाडत नही, तवलोंग तो शे," एवढंच म्हणाल्या. नदी दाखवत नाही तोवर तो आहे.

नदीवर मात्र त्या पुन्हा गेल्या नाहीत. विसर्जनाला पाट घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत यायच्या, तिथे तो माझ्या डोक्यावर द्यायच्या आणि वळून न बघता घरी जायच्या.

कानबाई आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचे. जित्या माणसाच्याच नावाने. ते घरच्या जात्यावर दळायचे, रोट भाजायचे आणि घरच्यांनीच पुनवेच्या आत संपवायचे. परक्याला तुकडा द्यायचा नाही आणि तुकडा टाकायचाही नाही.

नवी नवरी होऊन आले त्याच वर्षी मी पाहिलं की अक्का एक मूठ जास्त घेतात. नावं ओठातल्या ओठात घ्यायच्या. आबा तेवढा वेळ बाहेर ओट्यावर बसायचे. मला कळलं, मी बोलले नाही. बारा कानबाया अशाच बसल्या.

नव्वदच्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या जाऊबाई प्रमिलाताई आणि त्यांची दहा वर्षांची हर्षला कुवेतहून दोन महिने राहायला आल्या. अभिमनभाऊजी तिकडे एका कंपनीत फोरमन. त्यांना रजा नव्हती, ते तिथेच राहिले. हर्षला तिकडेच वाढलेली, मराठी पुस्तकातलं बोलायची.

"आजी, शे म्हणजे काय?"

"शे म्हंजे शे! आखो काय सांगू तुले?"

आबांनी तिला कंडक्टर केलं. स्वतः झोपाळ्यावर ड्रायव्हर, ती अडकित्ता टकटक वाजवत सगळ्या घराला तिकिटं द्यायची. अक्कांना तिने स्वयंपाकघर ते न्हाणी असं तिकीट फाडलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "हाफ दे वं माय, मी कितलीशीक शे!" खरंच एवढीशी होती त्यांची चण.

परतीचं विमान आधी जुलैतच होतं. भाऊजींनी पत्रात लिहिलं की कानबाई करूनच या, आणि ते चार ऑगस्टवर गेलं. शेवटच्या आठवड्यात खोलीभर बॅगा उघड्या पडल्या होत्या. बिबडे, कुरडया, लोणच्याची बरणी जुन्या साडीत गुंडाळलेली. अक्का दिवसातून चार वेळा एखादी पुडी आत घालायच्या आणि प्रमिलाताई ती चार वेळा बाहेर काढायच्या.

अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, गहू मोजायचे होते. सकाळपासून झड लागलेली, ओटा ओला, म्हणून आबा आत पाटावर बसून सुपारी कातरत होते. अक्कांनी देवघरापुढे सूप ठेवलं, डोक्यावर पदर घेतला. हर्षला त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली.

"आजी, माझी मूठ कुठली?"

मीच सांगितलं, "मुलींची नसते गं. मुलीने मूठ टाकायची ती सासरी."

"पण मला सासरच नाही!"

आबा हसले. अक्काही हसल्या, आणि हसता हसताच मुठी टाकायला लागल्या. हर्षलाला आपली मूठ हवी होती म्हणून ती लक्ष ठेवून होती. एकेक बोट दुमडून मोजत होती. अक्कांनी सूप उचललं तशी ती म्हणाली, "पाच झाल्या. आबा एक, माझे पप्पा दोन, काका तीन, दादा चार." दादा म्हणजे माझा मुलगा. "मग पाचवी कुणाची? माझीच ना?"

सुपारी कातरायचा आवाज थांबला.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. पाचवी देवीची, म्हटलं असतं तर पोरीनं ऐकलं असतं आणि आबांनीही कदाचित ऐकल्यासारखं केलं असतं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. पण समोर देवघर, दिवा तेवत होता. खोटं बोलायला माझी जीभ उचलली नाही. आज इतक्या वर्षांनी वाटतं, देवीला ते खोटं चाललं असतं.

आबा म्हणाले, "चार तिकिटं आणि पाच माणसं? किती वर्षं चाललंय हे?"

अक्कांनी सूप परत खाली ठेवलं.

"जित्यांच्या रोटात त्याला बसवतेस? बाकीच्या चौघांचा तरी विचार कर." आवाज चढला नव्हता, कंडक्टरचा असतो तसा कोरडा होता. "एकाला उतरव."

प्रमिलाताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हर्षला रडवेली झाली, आपल्यामुळे काही झालं एवढं तिला समजलं. अक्कांनी सुपात हात घातला. बराच वेळ हात तसाच गव्हात होता. मग त्यांनी एक मूठ काढली, वर चिमूटभर काढले, आणि पदराच्या टोकात गाठ मारून ठेवले.

रविवारी कानबाई बसली. हर्षलाने नथ घालून आरती धरली, सोमवारी विसर्जन झालं. पाट मी नेला. नदीला पाणी घोट्याएवढंच होतं, तरी पाट मी काठावरूनच सोडला. परत आले तेव्हा अक्का देवघरापुढे बसल्या होत्या. पदराची गाठ सोडून गहू त्यांनी चिंधीत बांधले होते आणि कानबाईच्या कोनाड्यात ठेवले होते.

गुरुवारी, दोन तारखेला, संध्याकाळच्या बातम्यांत आबांच्या ट्रान्झिस्टरवर कुवेत हा शब्द आला. पहाटे इराकी फौजा आत शिरल्या होत्या. प्रमिलाताई बॅगेला कुलूप लावत होत्या. किल्ली हातात तशीच राहिली. आमचे हे पोस्टात धावले, फोन लागत नव्हता, तार घेत नव्हते. हर्षला विचारत होती, "म्हणजे परवा आम्ही नाही जायचं?" मग ती मोठ्याने रडली.

अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या. आबांकडे बघून त्यांनी अगदी हळू विचारलं,

"मी कोनी मूठ काढी?"

कुणाची मूठ काढली मी. आबांना आधी समजलं नाही. मग समजलं. गहू सगळे सारखे. सुपात एकदा पडलेल्या मुठीवर काय नाव लिहिलेलं असतं? त्यांनी काढली ती मगनभाऊंचीच होती हे कोण सांगणार?

"काहीतरी बोलू नको," आबा म्हणाले. पण ट्रान्झिस्टर बंद करताना त्यांना बटण सापडेना.

पुढचे तीन दिवस अक्कांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. घरात रोट शिल्लक होते, पुनव सोमवारी. आम्ही दोन्ही वेळा रोट दुधात कुस्करून खायचो आणि घास फिरायचा. सगळ्यांच्या डोक्यात एकच, की या रोटात भाऊजी आहेत की नाहीत. प्रमिलाताईंनी मला एकदाच विचारलं, "तुम्ही बघत होत्या ना? हात कुठून घातला त्यांनी, मधून की कडेने?" मी देवाशप्पथ आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

रविवारी सकाळी जात्याचा आवाज आला. अक्का कोनाड्यातली चिंधी सोडून ते सव्वा मूठ गहू दळत होत्या. वाटीभरसुद्धा पीठ निघालं नाही. त्याचा तळहाताएवढा रोट त्यांनी थापला, भाजला, ताटलीत ठेवला आणि आबांपुढे आणून ठेवला.

"खाई ल्या."

आबा म्हणाले, "मी?"

"तुम्ही उतरावं ना त्याले. आते तुम्हीच खा." तुम्ही उतरवलंत त्याला, आता तुम्हीच खा.

मी चुलीशी होते, तिथूनच मला उमगलं. रोट अभिमनभाऊजींच्या मुठीचा असेल तर बापाने मुलाच्या नावाने खाल्ला आणि तो पुन्हा चौघांत आला. मगनभाऊंच्या मुठीचा असेल तर ज्याचे दिवस आबांनी आपल्या हाताने केले त्यालाच ते जिता मानत होते. अक्कांनी हे सगळं तीन दिवस उपाशी बसून ठरवलं होतं. उलगडून मात्र एक अक्षर सांगितलं नाही.

आबांनी तुकडा मोडला. दूध मागितलं नाही. कोरडा खाताना त्यांना ठसका लागला, हर्षलाने पाणी दिलं. ताटलीतला चुरासुद्धा त्यांनी बोटाने टिपून खाल्ला. अक्का शेवटपर्यंत समोर उभ्या होत्या. ताटली रिकामी झाल्यावर त्या पहिल्यांदा जेवायला बसल्या.

ऑगस्ट गेला. पेपरात वाळवंटातल्या तंबूंचे फोटो यायचे, आबा भिंगातून एकेक चेहरा बघायचे आणि मोजायचे. हर्षलाचं नाव साक्रीच्या शाळेत घातलं. संध्याकाळी दारात चप्पल वाजली की अक्का आणि प्रमिलाताई दोघी एकदमच उठायच्या, आणि मला नक्की माहीत होतं की दोघी एकाच माणसासाठी उठत नाहीत.

पितृपक्ष लागला. सर्वपित्रीच्या आदल्या दुपारी मी अळूची पानं निवडत होते, तर दारात एक दाढी वाढलेला, काळवंडलेला माणूस उभा. हातात प्लॅस्टिकची पिशवी. मी ओळखलं नाही. त्या दिवसांत दारात कोणी असं उभं राहिलं की अंगावर काटाच येतो. हर्षला "पप्पा!" म्हणून ओरडली तेव्हा कळलं. अभिमनभाऊजी बगदाद, अम्मान करत मुंबईच्या विमानात बसले होते. तार टाकली होती म्हणे, ती आमच्याकडे दुसऱ्या दिवशी आली.

प्रमिलाताई भिंतीला धरून खाली बसल्या. आबांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला तो काढेनात. अक्का आतून आल्या. मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, दाढी चाचपली, कडाकडा बोटं मोडली. आणि मग त्याच्या खांद्यावरून मागे गल्लीत बघत म्हणाल्या,

"एकलाच उना का रे?"

एकटाच आलास का. भाऊजींना वाटलं, त्या सामानाचं विचारताहेत. "हो अक्का, सगळं तिथेच राहिलं," ते म्हणाले. आबांनी मान खाली घातली.

भाऊजींनी नंतर धुळ्याला दुकान टाकलं. तिकडचं ते फारसं बोलले नाहीत. त्यांना वाढताना अक्कांचा हात कधीकधी मधेच थांबायचा, चेहरा निरखायच्या, मग भाकरी टाकायच्या.

पुढच्या श्रावणात पुन्हा सूप निघालं. हर्षला अकरा वर्षांची झाली होती, अहिराणी बोलायला लागली होती. ती अक्कांजवळ बसलीच नाही, लांब दाराशी उभी राहिली आणि तिने डोळे मिटून घेतले. ऊन पडलेलं होतं, ओटा कोरडा होता. तरी आबा आत येऊन पाटावर बसले, अडकित्ता न घेता.

अक्कांनी मुठी टाकल्या. एक. दोन. तीन. चार. मग हात गव्हाच्या पाटीवर तसाच राहिला. पुढेही जाईना, मागेही येईना. माझ्याकडे त्यांनी या वेळी पाहिलं नाही.

आबा खाकरले. "थांबलीस का?"

अक्कांची नजर सुपातल्या गव्हावर होती.

"गाडीत जागा आहे," आबा म्हणाले. "बसू दे त्याला."

अक्कांनी पाचवी मूठ भरली, वर चिमूटभर गहू घेतले. आजवर ओठातल्या ओठात घेतलेलं नाव त्यांनी मोठ्याने घेतलं, गल्लीतल्या मुलाला जेवायला हाक मारावी तसं.

"मगन!"

आणि मूठ सुपात सोडली.